सुई जिथे बसत नाही

सलग दुसऱ्या दिवशी तेच झालं. तपासनीस बाईंनी ट्रेमधली म्हाताऱ्याची एक सोंगटी उचलली, तिच्या हातातल्या इवल्या होकायंत्रावरची कागदी पट्टी सोडवली, आणि सुई डुलत डुलत भलतीकडेच जाऊन थांबली. दुसरी सोंगटी बरोबर. तिसरी चूक. चौथीही चूक. सगळ्या शहाण्णव तपासून झाल्या, तेव्हा अठ्ठेचाळीस उलट्या निघाल्या. कालही अठ्ठेचाळीसच होत्या.

बाई रागावल्या नाहीत. उद्या चार वाजता शेवटचं बघेन, एवढंच म्हणाल्या आणि छत्री काखोटीला मारून निघून गेल्या. त्या न रागावल्यामुळे मालकांना दुप्पट रागवावं लागलं. उद्याही असंच झालं तर सुयांचं काम दुसऱ्या कुणाकडे जाईल आणि त्या बसवणाऱ्या मावशीने खोक्यांची झाकणं चिकटवायला बसावं, असं त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं.

भिंगरी स्टुलावरून उठली, खिडकीपाशी गेली, परत आली, पुन्हा उठली. बारा वर्षांची ही मुलगी एका जागी टिकायची नाही, म्हणून तर तिचं नाव भिंगरी पडलं होतं. सुट्टीत ती आणि तिचा आठ वर्षांचा भाऊ बटण, दोघं मावशीकडे आले होते. दिवसा घरी कुणी नसायचं, म्हणून मावशी दोघांना आणि स्वतःच्या मुलाला, म्हणजे तेरा वर्षांच्या पंतोजीला, कारखान्यात सोबत आणायची. पंतोजीला सगळं ठाऊक असायचं. नसलं तरी तो सांगायचाच.

कारखाना म्हणजे एक लांबट खोली. तिथे पटावर खेळायच्या एका खेळाच्या सोंगट्या बनत. त्या खेळात राक्षस होते, सेनापती होते, आग ओकणारे पक्षी होते. आणि एक म्हातारा होता. कमरेपर्यंत दाढी, पायघोळ झगा, हातात होकायंत्र. सोबतच्या पुस्तिकेत त्याची गोष्ट होती. फार फार पूर्वीच्या युगात डोंगर चालत असत आणि नद्यांना आपली वाट ठाऊक नव्हती. तेव्हा हा म्हातारा गावोगाव फिरला आणि त्याने प्रत्येकाला आपापली जागा दाखवली. ताओ म्हणजे वाट, आणि फेंगशुई म्हणजे वारा आणि पाणी, असंही पुस्तिकेत लिहिलं होतं. मुलांनी मग त्याचं नाव वारापाणी आजोबा ठेवून टाकलं.

पंतोजीला हा आजोबा बिनकामाचा वाटे. "लढत नाही, उडत नाही. नुसता जागा बदलतो. आपल्या मालकांसारखा," तो म्हणायचा.

त्यातली मालकांबद्दलची गोष्ट खरी होती. हे काम आल्यापासून मालकांनी ती पुस्तिका डोक्यावरच घेतली होती. एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी अख्खा कारखाना फिरवला. दारासमोर आरसा आला. मावशीच्या टेबलाशेजारचं रॅक उचलून पार टोकाच्या भिंतीला लावलं, कारण तो म्हणे लाभाचा कोपरा. त्याच्याजवळ काचेच्या टाकीत सहा सोनेरी मासे सोडले. तयार झालेला प्रत्येक ट्रे त्याच रॅकवर ठेवायचा, असा हुकूम सुटला.

त्या संध्याकाळी मावशी मुलांना घेऊन घरी निघाली. रस्ता ओलांडताना तिने भिंगरीचा हात धरला आणि हळूच विचारलं, "माझ्या हाताला आता दिशा कळेनाशी झाली का गं?"

 मावशीचं काम भिंगरीने रोज पाहिलं होतं. चुंबकाच्या कांडीवरून सुई एकाच बाजूने सात वेळा ओढायची. उलटी ओढली तर सुईची टोकं उलटी होतात. या आजोबाच्या सुईचं तांबडं टोक, जुन्या रीतीप्रमाणे, दक्षिण दाखवायचं. मावशीने आयुष्यभर उत्तर दाखवणारी तांबडी टोकंच पाहिली होती, त्यामुळे तिचा गोंधळ होतो, असा मालकांचा निवाडा होता. आणि आता मावशीचाही त्यावर विश्वास बसू लागला होता. भिंगरीला सगळ्यात जास्त टोचलं ते हेच. झाकणं चिकटवणं काही वाईट नव्हे. पण स्वतःच्या हातावरचा भरवसा उडाला, तर माणसाने धरायचं काय?

त्या रात्री तिने पंतोजीला आणि बटणला सांगितलं की उद्या प्रत्येक सुई ती स्वतः बघणार.

दुसऱ्या दिवशी तिने तसंच केलं. मावशी सुई ओढायची, आजोबाच्या होकायंत्रात बसवायची, आणि भिंगरी ती टेबलावर ठेवून दक्षिणेच्या खिडकीशी ताडून बघायची. शहाण्णवच्या शहाण्णव बरोबर. मग सुई हलू नये म्हणून तांबडं टोक आजोबाच्या समोर, बाहेरच्या बाजूला करून वर कागदी पट्टी लावायची आणि सोंगटी ट्रेमध्ये ठेवायची. आजोबांच्या झग्याची पाठ सपाट होती, म्हणून ट्रेमध्ये दोन ओळी पाठीला पाठ लावून उभ्या राहत. एका ओळीची तोंडं भिंतीकडे, दुसरीची दाराकडे. चार ट्रे भरले आणि दुपारी एकच्या ठोक्याला रॅकवर गेले.

"आता जे काही होतं ते रॅकवरच होतं," भिंगरी कुजबुजली.

"म्हणजे जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी येतं," पंतोजी म्हणाला. त्याचा संशय झाकणं चिकटवणाऱ्या काकांवर होता, कारण ते कमी बोलत.

बटण म्हणाला, "मासेपण घाबरतात. रोज जेवून आलो की सगळे एका कोपऱ्यात असतात. कुणीतरी रागावल्यासारखे."

हे भिंगरीनेही पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ लावला नव्हता.

जेवायला सगळे बाहेरच्या ओट्यावर जात आणि मालक दार ओढून घेत. त्या दिवशी तिघं मुलं पॅकिंगच्या टेबलाखाली, स्पंजच्या गुंडाळ्यांमागे दडली. मावशीला त्यांनी आधीच सांगितलं होतं की आज उशिरा जेवू. ती इतकी विचारात होती की तिने कारणही विचारलं नाही.

दहा मिनिटं गेली. कुणी आलं नाही. पंतोजी दबा धरून बसला होता, बटण जांभया देत होता, आणि भिंगरीच्या पायांना मुंग्या आल्या होत्या. तिच्या मुठीत एक टाकाऊ सोंगटी होती, दाढी तुटलेला वारापाणी आजोबा. त्याच्या सुईला पट्टी नव्हती. शेवटी तिला राहवेना. ती टेबलाखालून बाहेर आली.

"बस ना खाली. चोर पळेल," पंतोजी दात आवळून म्हणाला.

भिंगरी खोलीभर फिरू लागली. आरशापाशी सुई दक्षिणेला. मावशीच्या टेबलापाशी दक्षिणेला. ती माशांच्या टाकीजवळ पोहोचली, आणि टाकीतलं पाणी शहारलं. सहाही मासे सर्रकन एका कोपऱ्यात गेले. भिंतीपलीकडे काहीतरी गुरगुरलं. तिच्या तळहातावरची सुई थरथरली, दक्षिण सोडून निघाली आणि वास लागलेल्या कुत्र्यासारखी थेट भिंतीकडे तोंड करून ताठ उभी राहिली.

मग धडाड असा आवाज झाला. सुई सुटली आणि गरगरा फिरू लागली.

पंतोजीचं डोकं टेबलाला आपटलं. तो तसाच बाहेर आला. दोघांनी मिळून बटणला भिंतीतल्या उंच झरोक्यापर्यंत उचललं. पलीकडे भंगाराचं आवार होतं.

"क्रेन आहे," बटणने वरून बातमी दिली. "तिला एक मोठ्ठी काळी थाळी लटकवलीये. थाळीला लोखंड आपोआप चिकटतं. आता पुन्हा आली. अगदी भिंतीला टेकली. दादा, मला नीट धर, मी घसरतोय."

पुन्हा सुई भिंतीकडे वळली, पुन्हा धडाड झालं. पंतोजीच्या डोक्यात उजेड पडला. ती थाळी म्हणजे विजेवर चालणारं प्रचंड लोहचुंबक. मोकळी सुई नुसती वळते. पण पट्टीने जखडलेली सुई वळणार कशी? तांबडं टोक आधीच भिंतीकडे असेल तर ठीक, नाहीतर तिची टोकंच उलटी होतात. भिंगरीने एका ट्रेमधल्या दोन सोंगट्या काढून पट्ट्या सोडवल्या. भिंतीकडे तोंड असलेला आजोबा शाबूत होता. दाराकडे तोंड असलेल्याची सुई उलटी झाली होती.

"म्हणून रोज बरोबर निम्म्या," भिंगरी म्हणाली.

तेवढ्यात बटणने झरोक्यातून क्रेनवाल्या काकांशी मैत्रीही जमवली होती. ते काका मोठे हौशी निघाले. थाळी कशी उचलते ते पाहायचं असेल तेव्हा हाक मार, असं त्यांनी कबूल केलं. भिंतीच्या इतक्या जवळ काम करायची त्यांना मनाई होती, पण दुपारी सावली तिथेच पडते, हेही त्यांनी गप्पांच्या ओघात सांगून टाकलं.

मावशीने सगळं ऐकून घेतलं. एकदा विचारलं, खात्री आहे ना. मग म्हणाली की मालकांना त्यांच्या कोपऱ्याविषयी कुणी काही बोललेलं खपत नाही, तेव्हा आता वाद नको. तिने ट्रे उचलले, अठ्ठेचाळीस सुया पुन्हा ओढल्या आणि चारही ट्रे आपल्याच टेबलावर, फडक्याखाली झाकून ठेवले.

चार वाजता तपासनीस बाईंनी एकेक सुई पाहिली. शहाण्णवच्या शहाण्णव बरोबर.

मालक प्रसन्न झाले. "पाहिलंत? मनावर घेतलं की जमतं. इतके दिवस लक्ष नव्हतं, दुसरं काय."

मावशीने मान खाली घातली. 

पंतोजीने भिंगरीची बाही ओढली. काम झालं होतं, आता गप्प बसण्यात शहाणपण होतं. पण भिंगरीला मावशीची ती खाली गेलेली मान दिसत होती. ती पुढे झाली, एक ट्रे उचलला आणि तडक टोकाच्या रॅकवर नेऊन ठेवला.

मालक ओरडले की ही पोर एका जागी का बसत नाही. पास झालेला माल आहे, हात लावू नकोस.

"मावशीचं लक्ष होतं," भिंगरी म्हणाली.  "बाई, दहा मिनिटं थांबाल? हा ट्रे तुम्ही आत्ताच तपासलाय. दहा मिनिटांनी पुन्हा तपासा. एकही सुई उलटी झाली नाही, तर माझी चूक."

बाईंनी मालकांकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं, मग खुर्ची ओढून रॅकसमोर बसल्या. भिंगरीने तुटक्या दाढीचा आजोबा त्यांच्या हातात ठेवला आणि बटणकडे नुसती नजर टाकली. बटण केव्हाच दाराबाहेर गेला होता.

पाच मिनिटं गेली. भिंगरी झरोक्याकडे बघत राहिली. क्रेनवाले काका चहाला गेले असतील तर? पास झालेला माल तिनेच धोक्यात घातला होता, आणि मावशीचं उरलंसुरलं नावही.

मग पाणी शहारलं. मासे कोपऱ्यात गेले. बाईंच्या हातातली सुई थरथरली आणि भिंतीकडे वळून ताठ झाली. धडाड. बाई दचकून उभ्या राहिल्या. त्यांनी स्वतः ट्रे खाली घेतला, एकेक पट्टी सोडवली. एका ओळीतले बाराही आजोबा बरोबर. दुसऱ्या ओळीतले बाराही उलटे.

 बाईंनी मालकांच्या खिशातून डोकावणारी पुस्तिका मागून घेतली आणि पानं उलटली. कोपऱ्यांचा तक्ता मालकांनी पेन्सिलीने रंगवला होता. त्याच्या आदल्या पानावर मात्र एकही खूण नव्हती. बाईंनी ते पान मोठ्याने वाचलं, "आधी सुई, मग कोपरा. सुई जिथे बसत नाही, तिथे तूही बसू नकोस."

मालकांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. रॅक सरकवलं तेव्हा मागच्या भिंतीला बोटभर रुंद चीर गेलेली दिसली. ती पाहून क्रेनवाले काका, जे बटणचा हात धरून थाळी कशी वाटली ते विचारायला आले होते, जागच्या जागी ओशाळले. उद्यापासून सावली असो वा नसो, भिंतीपासून दूरच, असं त्यांनी सगळ्यांसमोर कबूल केलं.

मग मालक मावशीसमोर उभे राहिले. "ताई, तुमच्या हातात खोट नव्हती. खोट माझ्या कोपऱ्यात होती. मी उगाच बोललो."

मावशीने मान वर केली. "राहू द्या. बारा सुया ओढायच्या आहेत अजून." पण तिचे हात कांडीवरून इतके झरझर चालले की बाईंनी तिथेच पावतीवर सही केली आणि म्हणाल्या की इतकी वर्षं माल तपासते, पण ट्रेऐवजी जागा तपासणारी मुलगी पहिल्यांदाच पाहिली. पंतोजीने टेबलाला आपटलेलं डोकं पुढे करून आपलाही वाटा सांगितला. त्यालाही शाबासकी मिळाली. वारापाणी आजोबा बिनकामाचा आहे, असं तो पुन्हा कधी म्हणाला नाही.

आता रॅक ठेवायचं कुठे, असा प्रश्न आला. मालकांनी सवयीने पुस्तिका काढली, आणि मुकाट्याने परत खिशात ठेवली. मावशीने तुटक्या दाढीचा आजोबा उचलून भिंगरीच्या तळहातावर ठेवला.

"जा गं," ती म्हणाली. "फिर हवं तेवढं."

भिंगरी फिरली. दारापाशी गेली, आरशापाशी गेली, माशांपाशी गेली. सगळ्यांचे डोळे तिच्यामागून फिरत होते, आणि आज कुणीच तिला खाली बस म्हणत नव्हतं. मावशीच्या टेबलाशेजारच्या रिकाम्या जागेत ती पोहोचली. सुई एकदा डुलली, दोनदा डुलली आणि शांत बसली.

भिंगरी तिथेच थांबली, आणि बराच वेळ हलली नाही.

"दादा, बघ," बटण म्हणाला, "ताईपण बसली."