चहाबरोबर घेतलेली गोळी

भाजीतून लोह मिळतं, असं कुणी म्हटलं की आता लोक हसत. लोह मिळे ते सकाळच्या 'सोयरकणा'तून. लोहाच्या अणूला असा लेप दिलेला, की आतड्याला तो आपला सोयराच वाटे आणि ते त्याला थेट आत घेई. साध्या गोळीतलं बहुतेक लोह वाया जाई. यातलं जवळजवळ सगळं अंगी लागे. शोध डॉ. शर्वरी ओगल्यांचा. त्यामुळे अडाण्यांची कीव करण्याचा मक्ता आपल्याकडेच आहे, अशी बाईंची समजूत होती.

घरातली अडाणी म्हणजे थोरली नणंद, वैजूताई. सोयरकण फुकट मिळत, आणि ही बाई ते चहाबरोबर गिळे!

"अहो ताई, चहाने लेप फुटतो. गोळी फुकट जाते!"

"जाऊ दे गं. चहाशिवाय माझ्या घशाखाली गोळी उतरत नाही. लोखंडी कढईतली मेथी खातेय की मी."

"गाढवापुढे वाचली गीता," शर्वरीबाई पाहुण्यांना सांगत.

मग लेप बनवणाऱ्या जिवाणूंवरच रोग पडला आणि कारखाने बंद झाले. "साध्या गोळ्या घ्या," शर्वरीबाईंनी ऐटीत जाहीर केलं. लोकांनी घेतल्या, रक्त वाढेना. वापरात नसलेलं दार माणूस बुजवून टाकतो, शरीरानेही तेच केलं होतं. आयतं मिळत असताना आतड्याने, आणि रक्त बनवणाऱ्या हाडांतल्या मगजानेही, साधं लोह ओळखणंच सोडलं होतं. इंजेक्शनचाही उपयोग नव्हता.

बाईंची लेक ऋजुता सातव्या महिन्यात होती. लहानपणापासून सोयरकण नियमाने, पाण्याबरोबर घेतलेली. ती पांढरीफटक पडली. तिला आता दुसऱ्याचं रक्तच हवं होतं, पण रक्त तयार होणारं माणूस आणायचं कुठून?

शर्वरीबाई नणंदेच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. रक्तगट जुळत होता.

"आमचं रक्त अडाणी हो," वैजूताई म्हणाल्या. "चालेल का?"

"ताई, ती जाईल हो."

"भाची आहे माझी. चल."

ऋजुता वाचली. मुलगी झाली. नातीची तपासणी शर्वरीबाईंनी स्वतः केली. पोटात असतानाच तिच्याही हाडांतला मगज आईसारखाच, साधं लोह न ओळखणारा, घडला होता.

वैजूताई आता साठीच्या घरात आहेत. शर्वरीबाई रोज स्वतः त्यांना चहा नेऊन देतात, कढईत मेथी परततात आणि समोर बसून, दुभत्या गाईकडे बघावं तसं, त्या किती खातात ते बघत राहतात.