कोरा हात

पाचोडच्या बाजारात भागूमावशी गोंदायला बसायची आणि मी तिच्या पायाशी. नवऱ्यानं टाकलेल्या बाईच्या हाती काहीतरी कसब हवं, म्हणून मी तिला धरून होते. पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजाम गेला, पण मावशीच्या सुया काही माझ्या हाती आल्या नाहीत. काजळी मी खलायची, रडणाऱ्या पोरींचे हात मी दाबून धरायचे, आणि सुईचं नाव काढलं की मावशी म्हणायची, "थांब. येळ यीऊ दे." ऐकून ऐकून डोकं फिरायचं माझं.

मग कारभारी पाटलांची सून द्वारकाबाई रात्री तापानं गेली. औरंगाबादच्या वकिलाची लेक. बापानं अंगावर ठिपकासुद्धा काढू दिला नव्हता. दागिने इथंच राहतात, बाईसोबत जातं ते फक्त गोंदण. कोऱ्या हातानं सून कशी पाठवायची, म्हणून तिच्या सासूनं, सारजाबाईनं, सकाळीच आम्हाला बोलावलं.

माजघरात प्रेताजवळ आम्ही दोघीच. बाहेर तिरडी बांधत होते. मावशीनं दार लोटलं आणि सुयांची जुडी माझ्यापुढं धरली.

"हिचा हात गोंद, मंग तू शिकलीस. मीबी अशीच शिकले."

हात गार होता, लाकडासारखा ताठ. बोटं उघडायला जोर लावावा लागला. मनगटावर मी तुळस काढायला घेतली. मेलेलं कातडं सोपं, असं वाटलं होतं मला. ना हलणार, ना रडणार.

एक पान पुरं झालं आणि कातडं फुगलं. लाल झालं.

दर बाजारी बघत होते मी. जिवंत कातड्यालाच सूज येते.

"मावशे, सुजतंय."

"सुजू दे. सुई ठिवलीस तर परत मिळायची नाय."

मी द्वारकाबाईच्या नाकाशी बोटं धरली. श्वास नव्हता. छातीला कान लावला. काही नाही. माजघरात माशीचाही आवाज नव्हता.

कुणाला तरी हाक मारावी असं वाटलं. पण सुई हातात होती.

मी तुळस पुरी केली.

तिरडी निघून गेली. बायका मागं थांबल्या. सारजाबाईनं माझ्या ओटीत सूपभर ज्वारी घातली. तिचा आवाज बसला होता.

"नवी हायेस व्हय गं?" ती म्हणाली. "हात हलका ठिव पोरी. लई रडली ती. भाईर ऐकवत नव्हतं."