राऊटरमधल्या नोंदी

भिसेगावातल्या निम्म्या घरांना नेट मी देतो आणि नेट बंद पडलं की शिव्याही मीच खातो. त्यामुळे सफियाचाचींच्या घरचा राऊटर सकाळपासून दुसऱ्यांदा बंद पडला तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"मनोज, काय पन कर रं बाबा," चाची म्हणाल्या. "मधीच नेट गेलं तर पोरीचं वर्ष गेलं."

त्यांच्या फराहची नर्सिंगची प्रवेश परीक्षा ऑनलाइन होती. नियम कडक. खोलीत एकटीनं बसायचं, समोर कॅमेरा, पलीकडून निरीक्षक बाई बघणार. नेट तुटलं की पेपर रद्द.

राऊटर चालवणारी लिनक्स प्रणाली त्यात मीच चढवलेली. लॅपटॉप जोडून पाहिलं तर मेमरी भरत चालली होती. पूर्ण भरली की डबा बंद. एरवी घरात फोन शिरला की त्याची नोंद मेमरीत बसते, फोन बाहेर गेला की पुसली जाते. इथे नोंदी नुसत्या वाढत होत्या. घरात फोन तीन आणि नोंदी शेकडो!

"कोण फुकटे घुसलेत, बघतोच," म्हणत मी पासवर्ड बदलला. काडीचा फरक पडला नाही.

तेवढ्यात फराहनं आतून दार लावलं. पेपर सुरू झाला. आता राऊटर बंद करून चालू करायचीही सोय राहिली नाही.

मग मी सरळ एक आज्ञा लिहिली. प्रत्येक नोंदीला हाक मार, उत्तर आलं नाही तर तो गेला समज आणि नोंद पुसून टाक. बिघडलेल्या प्रोग्रॅमवर हा हमखास उतारा. एंटर दाबलं.

एकही नोंद पुसली गेली नाही.

सगळ्यांनी उत्तर दिलं होतं.

पुन्हा दाबलं. पुन्हा सगळ्यांनी दिलं. म्हणजे प्रोग्रॅम बिघडलेलाच नव्हता. आलेल्यांपैकी कुणी गेलंच नव्हतं.

खरं सांगतो, मी घाबरलो. डोक्यावर पंखा गरगरत होता आणि अंगाला वारा लागेना.

"झालं का रं?" चाचींनी ओट्याजवळून विचारलं.

"बघतोय." प्लग ओढावा, तर पोरीचं वर्ष माझ्या हातून जाणार. प्लगवर हात ठेवून मी तसाच बसून राहिलो.

नोंदी वाढायच्या थांबल्या.

बंद दारामागून निरीक्षक बाईंचा वैतागलेला आवाज आला. "फराह, खोलीत एकटीनं बसायचा नियम आहे."

"मॅडम, मी एकटीच आहे."

"आवाज येतोय तुमचा. पण कॅमेऱ्यासमोरून ही गर्दी आधी हटवा. तुम्ही दिसत नाही आहात."