लक्ष्मणचा छाप

दुपारी तीनच्या सुमारास दुर्गा मांजलपूरहून दोन बस बदलून समा भागात, रमाकांत शिल्पकाराच्या शेडमध्ये पोचली. पिशवीत जुनी चादर होती.

"छाप गुंडाळायला आणलीय, रमाकांतभाई. उद्या अकराला कोर्ट आहे."

मकरपुऱ्यातल्या एका कारखान्याने रस्त्याकडच्या भिंतीवर आपल्या कामगारांचं सिमेंटचं शिल्प करवून घेतलं होतं. रमाकांतने अकरा जणांच्या चेहऱ्यांवर ओलं प्लास्टर थापून साचे घेतले. त्यांतला एक दुर्गाचा नवरा, लक्ष्मण. पुढे भट्टी फुटली, लक्ष्मण गेला आणि कारखान्याने हात वर केले: या नावाचा माणूस आमच्याकडे कधी नव्हताच. हजेरीपटावरून माणूस पुसायला खोडरबर पुरतो. भिंतीवरून पुसायला छिन्नी लागते. ती कारखान्याच्या माणसांनी चालवली, असं दुर्गा समजत होती. चालवली होती रमाकांतने, पुढच्या कामाच्या आशेने. साचा फोडायचा मात्र त्याला धीर झाला नव्हता.

साच्यामागे पेन्सिलीने लक्ष्मणचं नाव होतं, कारखान्याचं नाव होतं, तारीख होती. पण साच्यात चेहरा उलटा असतो, न्यायाधीशांना काय ओळखू येणार? म्हणून आज त्यातून सुलटा छाप काढायचा होता.

रमाकांतने साच्याला आतून साबणाचं पाणी लावलं, प्लास्टर ओतलं.

"तेव्हा हसत होते का हो हे?" दुर्गाने विचारलं.

"हसला म्हणून तर दोनदा थापावं लागलं. म्हणतो, लग्नातही एवढी हळद लागली नव्हती."

दुर्गा पदराआड हसली.

अर्ध्या तासाने त्याने साचा उचलला. छापाचे डोळे उघडे होते.

ओलं प्लास्टर तोंडावर घेताना डोळे घट्ट मिटावेच लागतात. रमाकांतने साच्यात अंगठा फिरवला. पापण्या मिटलेल्याच लागत होत्या.

"हवा अडकली असेल..." तो म्हणाला. "दुसरा काढतो."

या वेळी त्याने फार हळू ओतलं. शेडमध्ये ओल्या चुन्यासारखा वास दाटला. बाहेर भाजीवाल्याची हाक लांब गेली, मग तीही ऐकू येईना. दुर्गा बाकावरून उठून टेबलाशी आली होती.

दुसऱ्या छापाचे डोळे उघडे होते आणि तोंडही. जीभ वरच्या दातांना टेकलेली, शब्द सुरू होताना टेकते तशी. रमाकांत टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकला.

"माझ्याकडं बघत नाहीत," दुर्गा हळूच म्हणाली. "तुमच्याकडं बघतायत."

रमाकांतने साचा पालथा ठेवला.

"अजून एक ओता, भाई. एवढं तोंड उघडलंय, तर बोलतील."

"नको... मीच बोलतो. भिंतीवरचा चेहरा मी तोडला, दुर्गाबेन. कारखान्याच्या लोकांनी सांगितलं आणि मी तोडला."

दुर्गाने पिशवी उघडली. मग चादर टेबलावर पसरली.

"हे उद्या कोर्टात सांगाल?"

"सांगेन."

दुसऱ्या दिवशी रमाकांतने साक्ष दिली. छिन्नी कुणाची, हुकूम कुणाचा, सगळं सांगितलं. कारखान्याच्या वकिलाने दोनदा हरकत घेतली. मग पुरावा म्हणून दुसरा छाप पुढे आला आणि कारकुनाने नंबराची चिठ्ठी डकवायला त्याच्या कपाळावर हात टेकला.

प्लास्टर जमताना तापतं, तास-दोन तासांत थंडगार पडतं. हे ओतून एक अख्खी रात्र गेली होती.

कारकुनाने हात मागे घेतला, पुन्हा टेकवून पाहिला आणि खालच्या आवाजात रमाकांतला विचारलं, "भाई, याला ताप आहे का?"