पोलच्या डोक्यावरचा आवाज

“पाय फेकायचे नाहीत. पोट आत, गुडघे छातीशी, मग कंबर वर. जितक्या सावकाश वर जाल, तितक्याच सावकाश खाली यायचं,” असं सांगत मावशी पोलवर अलगद उलटी झाली. सुट्टीतल्या वर्गाची सगळी मुलं माना वर करून बघत होती. खार मात्र आपल्या पायांच्या बोटांकडे बघत होती.

कशावरही सरसर चढते म्हणून तिला सगळे खार म्हणायचे. मावशी तिची सख्खी मावशी, म्हणून तर तिला वर्गात जरा जास्तच भाव होता.

तेवढ्यात वरून कट्ट असा आवाज आला. जमिनीपासून छतापर्यंत ताठ उभा असलेला तो स्टीलचा पोल कलला आणि मावशी त्याच्यासकट खाली आली. जाड गादीमुळे डोकं वाचलं, पण हात अंगाखाली सापडला. दुपारी दवाखान्यातून निरोप आला, की मनगट मोडलंय.

तो कट्ट आवाज खारीनं आदल्या दिवशीच ऐकला होता.

एकट्यानं उलटं व्हायचं नाही आणि गादीशिवाय तर नाहीच, हा मावशीचा पहिला नियम. पण पोलवर उलटं होणं बाकी सगळ्यांना जमत होतं, एकट्या खारीलाच जमत नव्हतं. म्हणून सगळे जेवायला गेल्यावर बाटली राहिल्याचं निमित्त काढून ती हॉलमध्ये परतली. गादी ओढायचाही धीर नव्हता. तिनं पोल घट्ट धरला आणि पाय जोरात वर भिरकावले. कट्ट झालं. नाकावर पांढरी भुकटी पडली. तिनं पटकन उतरून फरशी रुमालानं पुसली आणि कुणाला अवाक्षर सांगितलं नाही.

संध्याकाळी हॉलचे मालक आले. “बाईंनी पोल नीट आवळला नसणार,” ते म्हणाले. “हा वर्ग आता बंद. उद्या ठेकेदार पोल परत बसवून देईल, परवापासून दुसरा गट येतोय.”

बाहेरच्या पायऱ्यांवर तिघं बसली होती: खार, तिचा मावसभाऊ लंबू आणि तोंडाची टकळी कधीच बंद न होणारी रेडिओ. मावशी म्हणजे लंबूची आई, ती अजून दवाखान्यातच होती. त्याच्याकडे बघून खारीला राहवलं नाही. तिनं सगळं सांगून टाकलं.

लंबू बराच वेळ बुटाची नाडी सोडत आणि बांधत राहिला.

“काल का नाही बोललीस?” त्यानं विचारलं.

“ओरडा बसेल म्हणून.”

“आईला बसलेल्या माराहून ओरडा मोठा होता?”

खारीला वाटलं, आता हा उठून जाईल. तो उठला, पण हॉलच्या दिशेनं.

“चला. मला एक कळत नाही. आई रोज त्यावर लोंबकळते, तेव्हा काही होत नाही. मग तुझ्या चिमूटभर वजनानं तो सैल कसा होईल?”

आडवा पडलेला पोल भिंतीशी लावून ठेवला होता. तिघांनी मिळून गादी बाजूला सरकवली. पोलच्या बुडाचा ताजा ठसा फरशीवर होता. त्याच्या शेजारी, वीतभर अंतरावर, तेवढाच दुसरा गोल होता, जुना आणि फिकट.

“पोल सरकलाय,” रेडिओ म्हणाली. “म्हणजे आपोआप नाही हं, कुणीतरी काढून परत लावलाय. सुट्टीआधी रंगकाम चाललं होतं, नवं छत केलं, तेव्हाच. आणि वीतभराचा फरक कुणाला कळणार?”

लंबूनं पडद्याचा दांडा काढून छतावर टकटक केलं. जुन्या गोलाच्या बरोबर वर ठक्क आवाज आला, तिथे आत तुळई असणार. नव्या गोलाच्या वर मात्र पोकळ ढबढब. पोलची वरची चकती जिथे बसवलेली होती, तिथे छताच्या पातळ जिप्समच्या पत्र्याला फाटकी भोकं पडली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवं छत करणारा ठेकेदार आला. त्यानं त्याच नव्या जागी, थोडे मोठे स्क्रू पिळून पोल उभा केला आणि हात झटकले. “झालं. आता हत्ती लटकला तरी हलायचा नाही.”

मालक शेजारीच उभे होते. रेडिओ गोड आवाजात म्हणाली, “काका, काल बाई पडल्या ना, तेव्हापासून आम्हाला भीती वाटते. तुम्ही एकदा लटकून दाखवता? मग आमची भीती जाईल.”

“मी? छे, मला कुठे येतं ते.”

“उलटं नका होऊ. नुसते पाय उचला.”

“माझं वजन जास्त आहे गं.”

“हत्तीपेक्षा?” लंबूनं विचारलं.

ठेकेदारानं पोलला हात लावला, वर बघितलं आणि हात काढून घेतला. ते मालकांच्या नजरेतून सुटलं नाही. “का हो, लटका की,” ते म्हणाले. ठेकेदार घाम पुसत राहिला. मग लंबूनं जुना गोल दाखवला, दांड्यानं छत वाजवून दाखवलं. मालकांनी शिडी मागवून चकती उघडायला लावली. स्क्रू सगळे पत्र्यात होते. तुळईला एकही लागला नव्हता.

“छत बदलताना काढावा लागला,” ठेकेदार पुटपुटला. “कुणाला सांगायचं राहून गेलं.”

मालक त्याच संध्याकाळी तिघांना घेऊन मावशीकडे गेले आणि तिची माफी मागितली. “या मुलांनी डोकं चालवलं म्हणून, नाहीतर उद्या आणखी कुणीतरी पडलं असतं,” ते म्हणाले आणि त्यांनी खारीच्या पाठीवर थाप मारली.

ती थाप खारीला चटक्यासारखी लागली. “माझं कौतुक नको,” ती म्हणाली आणि मावशीच्या प्लास्टरकडे बघत तिनं तो आवाज, ती भुकटी, तो रुमाल, सगळं सांगितलं.

“तू सांगितलं असतंस, तर मी चढले नसते,” मावशी म्हणाली. “हे खरं आहे, आणि ते मी गोड करून सांगणार नाही. पण रंगकामानंतर पोल तपासायचा राहिला, तो माझ्याकडून. त्याचं ओझं तू उचलायचं नाहीस.”

पोल तुळईला घट्ट बसला, तेव्हा वर्ग पुन्हा सुरू झाला. मावशी गळ्यात हात अडकवून खुर्चीत बसली. खार सगळ्यांसाठी गाद्या ओढायची, पण स्वतःची पाळी आली की मागे सरकायची. शेवटी मावशीनंच तिला पुढे बोलावलं. लंबू तिच्या कंबरेशी हात धरून उभा राहिला.

खारीनं पोट आत घेतलं, गुडघे छातीशी आणले. कंबर हळूहळू वर गेली. पाय आता फेकले असते तर जमलंच असतं, पण तळहात घामानं निसटायला लागले होते. सगळा वर्ग बघत होता.

“मावशी, हात घसरतायत,” ती मोठ्यानं म्हणाली. “मी उतरते.”

आणि ती उतरली, सावकाश, एकेक पाय टेकवत.

“शाब्बास,” मावशी म्हणाली. “आज तू शिकलीस.”

लंबूनं आपला टॉवेल तिच्याकडे फेकला. “हात पूस,” तो म्हणाला. “परत करू.”