रुजवात

कंदील इकडं सरकवा. मधे कोणी बोलायचं नाही.

सहदेव आमच्या डोणगावचा. बुलढाण्याला एका कचेरीत जुन्या कागदांच्या नकला उतरवायचा. उतरवून झालं की रुजवात घ्यायची. एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं नकलेवर बोट फिरवायचं. एकट्यानं दोन्ही करायचं नाही. आपल्या हातची चूक आपल्या डोळ्याला दिसत नाही.

वाचायला महादेवराव असायचा. तंबाखू मळायचा आणि चुन्याचा अंगठा कागदावर उठवायचा. साहेब रागवायचे. उन्हाळ्यात तो वारला.

महाराष्ट्र होऊन तीन वर्षं झाली होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची रात्र. धाड गावची सत्यभामाबाई कचेरीच्या व्हरांड्यात बसलेली. सकाळी तिच्या विहिरीचा निकाल. वाटणीपत्राची नकल नसली तर विहीर धाकट्या दिराकडं जाणार.

"भाऊ, होते ना हो?"

"होते, माय. डोकं खाऊ नको."

वाचायला आता महादेवरावाच्या जागी दयाराम येणार होता. शेवटची एसटी आली. तो आला नाही. सहदेवनं ठरवलं, आपणच ताडून घेऊ, दयाराम सकाळी सही करील.

मूळ कागद समोर उघडला. नकलेवर बोट ठेवलं.

आणि समोरून वाचन सुरू झालं...

"आबा, कोण वाचे?"

गप बस बे.

संथ आवाज. घोगरा. मधेच खोकला. सहदेवनं मान वर केली नाही. बोट चालू ठेवलं. पान उलटलं. त्यानं उलटलं नव्हतं.

एका ओळीवर आवाज थांबला.

"उगवतीची विहीर थोरल्याची."

पुन्हा तेच. पुन्हा...

सत्यभामाबाईचा नवरा थोरला. नकलेत ती ओळच नव्हती.

सहदेवनं टाक उचलला. ती ओळ लिहिली.

आवाज पुढं गेला. शेवटपर्यंत.

मग... काही नाही.

तो बाहेर आला. बाई उठली.

"झालं? तो बुढा लय हळू वाचते. पाणी तं द्या त्याले. किती खोकून राह्यला."

सहदेव पायरीवर बसला. उजाडेपर्यंत आत गेला नाही.

सकाळी दयाराम आला. सही केली. विहीर बाईचीच राहिली.

मूळ कागद बांधताना दयाराम ओरडला, "काऊन बे, चुना कोण लावला?"

सहदेवनं जन्मात तंबाखू खाल्ली नव्हती.

त्याच ओळीशेजारी अंगठा होता. दयारामनं बोट लावून पाहिलं.

ओला होता.