ऐंशीच्या खाली जाण्याआधी

कचऱ्याची पिशवी सीगल पक्ष्याने फाडली होती आणि हेस्टिंग्जच्या त्या चढाच्या रस्त्यावर टॅमसिनच्या संसाराचं प्रदर्शन मांडलं होतं. चहाचा चोथा, अंड्यांची टरफलं, केकचं रिकामं खोकं. ती वाकून गोळा करत असताना समोरून एक हात मदतीला आला.

"केक बरा होता का?" त्या हाताच्या मालकाने विचारलं.

"मी एकटीने नाही खाल्ला," ती म्हणाली... "म्हणजे — एका दिवसात नाही."

तो हसला. नाव फेलिक्स ट्रीव्ह. जुन्या गावात खुर्च्यांचं गादीकाम करायचा. टॅमसिन राहायची त्या घराचं पन्हाळ गळतंय म्हणून बघायला आला होता. पन्हाळ मग फारच वेळा बघावं लागलं. दर खेपेला टॅमसिनकडे चहा व्हायचा, ती चष्म्याच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या नकला करायची आणि तो कप रिकामा झाला तरी हातातच धरून बसायचा. त्याची नजर आपल्यावर रेंगाळते हे तिला कळत होतं, आणि आवडतही होतं.

एके दिवशी बोलता बोलता कळलं, की हे चार फ्लॅटचं घर त्याचंच आहे. हिवाळ्यात मामा गेला, ते याच्या नावावर करून. टॅमसिनला ठसकाच लागला, कारण घराचा नवा मालक कोण हेच ती शोधत होती.

आमच्याकडे इंग्लंडात फ्लॅट विकत घेतला तरी खरं म्हणजे वर्षं विकत घेतलेली असतात. जमीन मालकाची राहते आणि वर्षं सरत जातात; संपली की फ्लॅटही त्याचाच. ती ऐंशीच्या खाली उतरली की भाडेपट्टा वाढवून घ्यायची किंमत अशी उसळते, की पगारदार माणसाने नादच सोडावा. टॅमसिनचा पट्टा येत्या सोमवारी ऐंशीच्या खाली जाणार होता. त्याआधी रीतसर नोटीस मालकाच्या हाती पडली तर आजची किंमत कायम. नाहीतर पट्टा वाढवणं तिला परवडणार नाही आणि फ्लॅट धड विकताही येणार नाही.

तिने भीत भीत पट्टा वाढवायचा विषय काढला, तेव्हा फेलिक्स म्हणाला, "वकील कशाला मध्ये? आपण बोलून ठरवू ना."

किती गोड वाटलं होतं ते! पण त्यानंतर त्याने येणंच थांबवलं. फोन केला की 'आज जरा कामात आहे' एवढंच. टॅमसिनच्या वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. तारीख उलटेपर्यंत मालक असंच गोड बोलत राहतात, त्या म्हणाल्या, आणि नोटीस तिच्या हातात ठेवली. नोटीस द्यावी, तर त्याच्यावर विश्वास नाही असं तोंडावर सांगितल्यासारखं. न द्यावी, तर घर जातं. आणि तो खरंच फसवत असेल तर? दुकानात तिने त्या दिवशी एकाचा चष्मा दुसऱ्याच्या नाकावर चढवला.

शुक्रवारी दुपारी ती त्याच्या दुकानात जाऊन उभी राहिली. बाहेर समुद्रावरून धुकं चढत होतं. त्याने हातातला हातोडा खाली ठेवला, पण तिच्या डोळ्यांकडे बघितलं नाही.

"हे तुमच्यासाठी," ती म्हणाली. "वाईट वाटलं तर वाटू दे. मला ते घर हवंय."

त्याने वाचलं. मग खुर्चीच्या कडेवर टेकत म्हणाला, "ऐंशीचं मला आधी माहीत नव्हतं. नंतर माझ्या मावशीने सांगितलं. वर म्हणाली, सोमवारपर्यंत गप्प बस, फायदा आहे."

"आणि तुम्ही गप्प बसलात."

"बसलो. पण फायद्यासाठी नाही. नोटीस आली की वकील वकिलांशी बोलणार... आणि आपला चहा संपणार. म्हटलं, ते अजून थोडे दिवस टळू दे. आणि हे लपवून तुझ्यासमोर बसता येईना, म्हणून आलोच नाही. मी तुला जुन्याच दराने पट्टा वाढवून देणार होतो, टॅमसिन. मनात ठरवलं होतं."

"तुझ्या मनातलं मला कसं कळणार?" तिचा आवाज चढला. "तुझ्या थोड्या दिवसांपायी माझं घर गेलं असतं, फेलिक्स. मी रडायची बाकी होते रे!"

तो गोरामोरा झाला. सारवासारव केली नाही, माफी मागितली. मग पेन शोधून नोटीस मिळाल्याची सही केली, तारीख घातली आणि तिची प्रत तिच्या हातात दिली.

"झालं," तो हळूच म्हणाला. "आता घर सुरक्षित आहे. माझी मर्जी राखायची तुला गरज नाही. तू मला आवडतेस — पण हे मला आत्ता कुठे बोलता येतंय. चहा घेशील? नाही म्हणालीस तरी त्या कागदाला काही होणार नाही."

टॅमसिनने प्रत पर्समध्ये ठेवली आणि चेन लावली. राग अजून गेला नव्हता. दारापर्यंत गेलीसुद्धा. मालकाकडे आता तिचं काहीच काम उरलं नव्हतं. ती मागे फिरली, एका अर्धवट गादी भरलेल्या खुर्चीवर बसली आणि कोट काढून मांडीवर घेतला.